कापूस विकल्यावर खोलीतली धूळ कशी काढली – माझा अनुभव

ज्यांच्या घरी वावरातला कापूस खोलीत भरून ठेवतात त्यांना हे लगेच समजेल. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातले. 2022 ला कापसाचा भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता ना, तेव्हापासून आता वाढेल मग वाढेल करत कापूस घरात थांबवायची सवयच लागली सगळ्यांना. यंदा पण आमची मधली खोली उन्हाळा लागेपर्यंत भरून होती, सगळ्यांच्या अंगाला खाज, आणि मामांजींना, म्हणजे सासऱ्यांना, आधीच दमा. शेवटी एकदाचा कापूस गाडीत भरून गेला.

पण कापूस गेला म्हणजे रुई गेली असं नाही. भिंतीखाली जी स्कर्टिंगची फरशी असते ना तिच्या वरच्या बारीक कडेवर ती बसते, त्यावर काळी माती, त्यावर सोयाबीनच्या हडंब्याचं (मळणी यंत्राचं) बारीक कुटार म्हणजे भुसा, आणि सगळं मिळून करड्या रंगाचा थर होतो. उभ्यानं काहीच दिसत नाही, खाली बसून नख लावलं की पापुद्रा निघतो. हे कूलर लावायच्या आधी काढणं लय गरजेचं कारण कूलर सुरू झाला की हवेनं तीच धूळ उडून नाकात जाते आणि वरून ओल, मग ती चिकटून बसते.

सासूबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "पयले समदं कोरडं काढ, पाण्याले मंग हात लाव." एकदम खरं आहे. आपली माती चिकण, पाणी लागलं की फुगते, फटीत जाऊन वाळली की खरवडूनही निघत नाही. मामांजींना जाऊबाईंकडे पाठवलं, तोंडाला दुपट्टा बांधला, दारं खिडक्या उघड्या आणि पंखा बंद.

वरून खाली यायचं. टिनाखालचे फाटे (छताची आडवी लाकडं) बांबूला फडकं बांधून पुसले, पंख्याच्या पात्यांना उशीचा जुना अभ्रा चढवून ओढला म्हणजे धूळ आतच राहते, मेन स्विच पाडून बोर्डावर रंगाचा कोरडा ब्रश फिरवला, कपाटाचा माथा आणि दाराच्या चौकटीची वरची कड पण सोडली नाही. यांनी विचारलं शेजारून ब्लोअर आणू का, मी स्पष्ट नाही म्हटलं, ब्लोअरनं धूळ जात नाही, फक्त जागा बदलते.

खरा वेळ गेला तो स्कर्टिंगला. ब्रशनं माती निघते पण रुई नुसती इकडून तिकडे सरकते. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कडेवरून एकाच दिशेनं घासत गेली, रुईच्या वळ्या होऊन आपोआप गोळा होतात, उचलून पिशवीत टाकायच्या. कोपऱ्यात टूथब्रश. आणि फटी! आपल्याकडे घरं काळ्या मातीवर, उन्हाळ्यात जमीन भेगाळते पावसाळ्यात फुगते, त्यामुळे स्कर्टिंग भिंतीपासून सुटतेच. त्या फटीत बोट अजिबात घालू नका, विंचू असू शकतो. छत्रीची मोडकी काडी टोकाला वाकवून आत फिरवली तर सरक्या, कुटार, मेलेले किडे, पालीची अंडी, काय काय निघालं, सूप भरलं अर्धं.

हे सगळं झाल्यावर पाणी. एका बादलीत थोडा निरमा, दुसरीत साधं पाणी, फडकं घट्ट पिळून कड पुसायची, गढूळ झालं की पाणी बदलायचं. मोठ्या फटी होत्या तेवढ्यांत व्हाइट सिमेंट भरलं, बारीक सोडल्या कारण जमीन फुगली की त्या परत उकलणारच. पण आतली धूळ पूर्ण काढल्याशिवाय सिमेंट भरू नका, धरत नाही.

मामांजी आता त्याच खोलीत कूलरसमोर झोपतात, खोकला आहे पण रात्री उठून बसावं लागत नाही, मला तेवढं पुरे. पुढच्या दसऱ्याला कापूस भरायच्या आधी खाली ताडपत्री टाकून तिच्या कडा भिंतीवर हातभर चढवायच्या ठरवल्या आहेत, म्हणजे रुई स्कर्टिंगपर्यंत पोचणारच नाही. कोणी असं केलं असेल तर कडा कशानं चिकटवल्या ते सांगा, साधी चिकटपट्टी आमच्या चुन्याच्या भिंतीला टिकत नाही.