गुंजेचा एकोणिसावा भाग

सोमवारी संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेले. गॅरेजचं दार उघडं दिसलं म्हणून तिथूनच हाक मारली. पाठमोरे बसलेले आजोबा दचकले. ताट घेतलं, चकली खाल्ली, दोन शब्द बोलले. मग टेबलावरच्या काडतुसांकडे बघत म्हणाले, "ही चौतीसही आता खोलावी लागतील."

आम्ही मॉन्टानात राहतो. शनिवारी इथे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय. आजोबा आपली काडतुसं घरीच भरतात. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, दारू पेटवणारा नवा प्रायमर, तोललेली दारू, वर गोळी दाबायची. माझ्या हाकेच्या वेळी हातातल्या पुंगळीत दारू पुरी पडली होती का, हे त्यांना आठवेना. गोळी दाबून ती बाकीच्यांत ठेवूनही झाली होती. मी म्हटलं, सगळी तोलून बघा, हलकं असेल ते सापडेल. तर म्हणे, पुंगळ्यांच्याच वजनात एवढा फरक असतो की दारूची थोडी तूट त्यात दडून जाते.

मला फार वाईट वाटलं. ते मात्र शांतपणे एकेक काडतूस खोलायला बसले. दारू परत डब्यात, गोळ्या वेगळ्या.

त्यांची रायफल .270 विंचेस्टरची. काडतुसाचा हा प्रकार 1925 सालचा. 130 ग्रेनची, म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅमची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या वेगाने सुटते. दारू कमी-जास्त होऊन एका काडतुसापासून दुसऱ्यात वेगाचा साठ फुटांचा फरक पडला तर शंभर यार्डांवर तो दिसतही नाही. चारशे यार्डांवर मात्र गोळी दोनेक इंच वर-खाली लागते. त्यात वारा आणि हाताची थरथर मिळाली की हरीण जखमी होऊन रानात निघून जातं, आणि आजोबांना तेच सहन होत नाही. कारखान्याच्या काडतुसांना ते नावं ठेवत नाहीत, हल्ली ती फार चांगली निघतात म्हणतात. पण ती कुणाच्याही रायफलीत बसावीत अशी बनवलेली असतात. यांची पुंगळी यांच्याच रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, फुगून त्या मापाची झालेली असते, आणि गोळी किती आत बसवायची तेही याच नळीसाठी ठरवलेलं. शंभर यार्डांवर त्यांच्या गोळ्या इंचभर जागेत पडतात. तरी ते बघतात ती थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी, कारण हरणावर बहुतेकदा तीच झाडायची असते.

दारू तोलायचा काटा ग्रेनच्या दशांशापर्यंत दाखवतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. कोल्हापुरात गुजरीत बाबांच्या सराफी पेढीवर वाढलेली मी, मनातल्या मनात गुंजेशी ताळा घातला: एका गुंजेचे जवळजवळ एकोणीस भाग!

घरी हे सांगितलं की काळजी सुरू होते. बंदूकवाल्याच्या शेजारी कशाला राहता? आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, आणि ते मला योग्यच वाटतं. इथल्या बंदुकांच्या बातम्यांनी माझीही झोप उडते. मुलं त्यांच्या गॅरेजमध्ये एकटी जात नाहीत, हा आमचा नियम आहे. पण नेमबाजी आपल्याला परकी नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्येच कांस्य जिंकलं. त्या खेळातली .22 ची काडतुसं घरी भरता येत नाहीत, म्हणून नेमबाज एकेका लॉटची, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या काडतुसांची, चाचणी घेऊन आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. काळजी तीच, फक्त वाट वेगळी. आजोबांना हे मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. शिकारीबद्दल ते काही बोलले नाहीत. थोडं थांबून विचारलं, "तोलताना पंखा बंद होता का गं?"

हीटरसुद्धा बंद होता, बाबा. बाहेर बर्फ पडत होता, आणि ते स्वेटर घालून तोलत होते.