पाण्याखालची शांतता

मालवणच्या समुद्रात, आठ वाव पाण्यात आमची होडी नांगरली होती. तळाशी एका ओळीत तीन मोडेम, म्हणजे निरोप पाठवणारी यंत्रं, सोडले होते: होडीपासून दीडशे, साडेसातशे आणि दीड हजार मीटरवर. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी जागीच विरतात, म्हणून तिघांनी तापमानाचे आकडे आवाजातून पाठवायचे होते. हेडफोनमध्ये आधी ऐकू आली ती चिमटे वाजवणाऱ्या कोळंबीची तडतड, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. त्यातून पहिल्या दोघांचे निरोप येत होते. तिसऱ्याचा मात्र दहातला एखादाच.

सकाळभर मी कोळंबीलाच दोष देत राहिले. प्रत्येक मोडेमला ‘आधी ऐक, शांत असेल तरच बोल’ असं मीच शिकवलं होतं. हवेत, रेडिओवर हे छान चालतं. पण पाण्यात आवाज सेकंदाला जेमतेम दीड किलोमीटर जातो.

नोंदी उघडल्या तेव्हा उलगडा झाला. लांबच्याने निरोप सोडला. पाऊण सेकंदाने जवळच्याने कान दिला, तर त्याच्यापाशी पूर्ण शांतता. कारण तो आवाज अजून वाटेतच होता. मग तोही बोलला, आणि दोन्ही निरोप होडीखाली एकमेकांत मिसळले. त्यात जवळच्याचा आवाज दणदणीत, लांबचा बिचारा दबून गेला.

मी वहीत तीन रेघा ओढल्या. निरोप तीन दशांश सेकंदाचा. तिघेही एकाच क्षणी बोलले तर? पहिला पोचणार ०.१ सेकंदाला, दुसरा ०.५ ला, तिसरा पूर्ण एका सेकंदाने. कोणीच कोणाच्या अंगावर येत नाही, आणि मागून येणाऱ्या प्रतिध्वनींनाही थोडी जागा उरते! मी त्या रेघा पुन्हा पुन्हा तपासल्या, कारण एकत्र बोलायला सांगणं मनाला पटतच नव्हतं. घड्याळं जुळवली, जवळच्याची ताकद उतरवली आणि आज्ञा पाठवली.

एक, दोन... आणि तिसरा. स्वच्छ. सलग वीस निरोप आले. माझे हात थरथरत होते.

दुपारी वारा फिरला आणि होडी नांगराभोवती वळू लागली. अंतर बदललं की वेळाही बदलणार. तांडेलकाकांना सांगितलं, तशी त्यांनी काही न विचारता मागच्या बाजूने दुसरा नांगर टाकला आणि दोर हाताने ताणून बघितला.