बोटीवर ‘दोरी’ म्हणायचं नाही

आज मार मेनोरमध्ये शिडाची बोट शिकताना एक मजा झाली. (मार मेनोर म्हणजे स्पेनच्या मुर्सिया भागातलं खारं सरोवर. पाणी उथळ, लाटा नावापुरत्या, त्यामुळे शिकाऊ मंडळींची चंगळ.)

दोरीला स्पॅनिशमध्ये ‘क्वेर्दा’ म्हणतात. बोटीवर मात्र ‘काबो’! इथले दर्यावर्दी ऐकवतात, बोटीवर क्वेर्दा एकच, घड्याळाची. कारण घड्याळाला चावी देण्यालाही ‘क्वेर्दा देणं’ म्हणतात. बरं, काबोतही पोटजाती आहेतच. शीड वर चढवायचा तो ‘द्रिथा’, वाऱ्यानुसार ताणायचा-सोडायचा तो ‘एस्कोता’. एस्कोता हाताला चांगलाच काचतो, तळवे अजून लाल आहेत.

आता गंमत बघा. काबो म्हणजे भूशिरही. सरोवराच्या दक्षिणेला काबो दे पालोस आहे, दीपगृहवालं. १९०६ साली ‘सिरिओ’ हे इटालियन जहाज तिथल्याच खडकांवर आपटून बुडालं, शेकडो माणसं गेली. शिवाय सैन्यातला खालच्या हुद्द्याचा अंमलदार, तोही काबोच. आणि बोलता बोलता लोक ‘आल फिन इ आल काबो’ टाकतात, आपल्या ‘शेवटी काय’सारखं.

पण मला सगळ्यात आवडलं ते ‘आतार काबोस’. शब्दशः दोरांची टोकं बांधणे, अर्थ मात्र थेट आपलं धागेदोरे जुळवणे! गुन्ह्याच्या बातमीत हमखास भेटणारं.

पुढच्या वेळी हातमोजे नेणार. सुचवा कुठले चांगले.