ई आणि एफ माझ्याकडे: कॉलेजच्या हँडबेल मेळाव्याहून परतल्यावर

हँडबेल म्हणजे हातात धरून वाजवायची, एकच स्वर देणारी घंटा. त्या मिळून वाजवणाऱ्या गटात, म्हणजे हँडबेल क्वायरमध्ये, एक माणूस आला नाही तर त्याचे स्वरच येत नाहीत. व्हायोलिनच्या रांगेतलं कुणी आजारी पडलं तर बाकीचे तीच ओळ वाजवतात. इथे तसं होत नाही. पाच सप्तकांच्या संचात 61 घंटा असतात आणि त्या साधारण 13 ते 15 जणांत वाटलेल्या असतात. माझ्याकडे पाचव्या सप्तकातले ई आणि एफ, शिवाय गरजेप्रमाणे ई फ्लॅट, म्हणजे कोमल ई. मी नसले की प्रत्येक सुरावटीला तेवढी भोकं पडतात. म्हणूनच पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात फेब्रुवारीत झालेल्या मेळाव्यासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ती मला केवळ माझी सोय वाटली नाही. ती मिळाली नसती तर मी खोलीवरच राहिले असते, आणि तिथल्या एका टेबलावर ई आणि एफ गप्प राहिले असते.

मेळाव्याची पद्धत अशी: वेगवेगळ्या कॉलेजांतून कुणी एकटं, कुणी दोघं-तिघं येतात. जागा आधीच ठरवून कळवतात, स्वरलिपी घरी बसवून यायची, आणि एका शनिवार-रविवारात अनोळखी माणसांचा एक क्वायर उभा करायचा. रविवारी दुपारी कार्यक्रम.

मी वाईची. लहानपणापासून मेणवलीच्या घाटावरची ती प्रचंड पोर्तुगीज घंटा बघत आले. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक. देवळातली घंटा आपण वाजवतो आणि सोडून देतो, नाद विरेपर्यंत तो तिचा तिचा असतो. हँडबेलमध्ये नेमकं उलटं शिकावं लागलं. तिचा लोलक फक्त पुढे-मागे हलतो, आणि स्प्रिंगमुळे ठोका देऊन लगेच मागे येतो. हात पुढे गोल फिरवून वाजवायचं आणि स्वराचा काळ संपला की घंटा खांद्याशी टेकवून नाद थांबवायचा. वाजवणं दोन दिवसांत जमतं. थांबवणं मला दोन वर्षं झाली तरी रोज शिकावं लागतं. मेळाव्यातल्या संचालक बाईंनी शनिवारी सकाळचा पहिला पाऊण तास फक्त यावर घालवला: सगळ्यांनी एकाच क्षणी शांत व्हायचं. सुरुवातीला कुणाचा तरी स्वर मागे रेंगाळायचा. मग एकदा जमलं, आणि ती शांतता ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

टेबलावरच्या जवळजवळ सगळ्या घंटा मालमार्क किंवा शुल्मेरिच या दोन कंपन्यांच्या होत्या. दोन्ही फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, एकमेकींपासून फार दूर नाहीत. जेकब माल्टा आधी शुल्मेरिचमध्ये होते, 1973 मध्ये त्यांनी मालमार्क काढली. आणि अमेरिकेत हे सगळं रुजलं ते बोस्टनच्या मार्गारेट शर्कलिफ यांच्यामुळे. 1902 मध्ये तरुणपणी त्या इंग्लंडला गेल्या, तिथल्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवल्या आणि हँडबेल भेट घेऊन परतल्या. पुढे 1954 मध्ये त्यांनी हँडबेल वाजवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. एका तरुण मुलीला कुणीतरी घंटा दिल्या, इथून ही गोष्ट सुरू होते. शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे आभार मानताना हे मला फार जवळचं वाटलं.

आता जाणाऱ्यांसाठी. अर्जाची मुदत नोंदणीच्या बरीच आधी संपते, त्यामुळे संचालकांकडून शिफारसपत्र सुट्टीआधीच मागून ठेवा. शिष्यवृत्तीत नक्की काय येतं ते लेखी विचारा. माझी नोंदणी फी भागली, बस आणि खोलीचा खर्च माझा होता. चौघींनी एक खोली घेतल्यामुळे तो झेपला. स्वरलिपी मात्र प्रत्येकाला मूळ छापील प्रतच विकत घ्यावी लागते, फोटोकॉपी चालत नाही. तो खर्च हिशोबात धरा. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या फॉर्ममध्येच लिहा. तिथे पोहोचून सांगितलं तर सॅलडवर दिवस काढावा लागतो.

स्वरलिपीवर आपले स्वर रंगवून ठेवा. मी उजव्या हातासाठी लाल, डाव्यासाठी निळा रंग वापरते. पान उलटण्याची जागा मात्र मी ठरवली नव्हती, कारण आमच्या क्वायरमध्ये ते शेजारची मुलगी करते. पहिल्याच सरावात दोन्ही हातांत घंटा असताना पान संपलं आणि मी चार बार (स्वरलिपीतले मात्रांचे गट) हरवले. डावीकडच्या डी वाल्या मुलाने स्वतःची घंटा ठेवून माझी ई उचलली आणि तेवढा भाग सांभाळला. जेवणाच्या सुट्टीत मी पुढच्या पानाचे पहिले दोन बार या पानाच्या तळाशी पेन्सिलने लिहून काढले. तुम्ही हे घरूनच करून जा.

हातमोजे आपले न्या, रबरी ठिपक्यांचे, आणि दोन जोड. घामाने कांशावर डाग पडतात, म्हणून उघड्या हाताने घंटेला कुणी स्पर्श करत नाही. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. सैल बाह्यांचा काळा टॉप नको, नाद थांबवताना कापड मध्ये येतं. दोन दिवस उभं राहायचं असतं, तेव्हा बूट जुने, सवयीचे घाला. खालच्या सप्तकाकडे नेमणूक असेल तर महिनाभर आधीपासून मनगटांचा व्यायाम करा. त्या घंटा खरंच जड असतात.

कार्यक्रमातल्या शेवटच्या रचनेत माझ्या वाट्याला अखेरच्या ओळीत एकच एफ होता. पंधरा बार वाट बघून वाजवायचा. मी मोजत राहिले, वाजवला, खांद्याशी टेकवला. नंतर प्रत्येकाने आपल्या घंटा मऊ कापडाने पुसून पेटीतल्या नेमक्या खाचेत ठेवल्या. डी वाल्या मुलाला मी माझा लाल-निळा पेन्सिलचा जोड देऊन टाकला. आभाराचं पत्र परतीच्या बसमध्येच लिहिलं, त्यात त्या एका एफबद्दलही.