अण्णांच्या टाकीचा थोरला भाऊ

१५ जून, जिंतूर

मृग लागून आठवडा झाला, पण सरीचा पत्ता नाही. दुपारी भाच्याने जर्मनीतल्या स्टुटगार्टहून फोटो धाडला : "मावशी, आजोबांच्या टाकीचा थोरला भाऊ बघ." करड्या काँक्रीटचा निमुळता मनोरा, वर पाटीएवढी दिसणारी गोल माडी, तिच्यावर अँटेना.

अण्णा जन्मभर सेंटरिंगचे मिस्त्री. गावोगाव पाण्याच्या टाक्या बांधल्या. मी डबा घेऊन जायची, तेव्हा वाळूच्या ढिगावर ट्रान्झिस्टर सुरू असायचा, १३०५ किलोहर्ट्झवर परभणी केंद्र. बाजारभाव लागले की घमेली थांबायची.

संध्याकाळभर त्या मनोऱ्याचंच वाचत बसले. उंची २१६ मीटर, १९५६ साली सुरू झाला. टीव्ही आणि एफएमसाठी तिथल्या रेडिओ संस्थेला तारांनी ताणलेला लोखंडी खांबच उभारायचा होता. फ्रिट्झ लेओनहार्ट हा इंजिनिअर म्हणाला, काँक्रीटचा बांधू, लोकांनाही वर जाऊ देऊ. पाया २७ मीटर व्यासाचा! अण्णा असते तर त्यांनी आधी पायाचंच विचारलं असतं.

परभणीच्या मध्यम लहरींची गोष्ट निराळी. तिथे खांब हीच अँटेना, आणि लहर जमीन धरून लांब जाते. म्हणून तर ट्रान्झिस्टर खोलगट शिवारातही बोलायचा. एफएम मात्र जवळजवळ नजरेसारखं सरळ चालतं, डोंगर आडवा आला की खरखर. सपाट मुलखात १०० मीटरवरची अँटेना साधारण ४० किलोमीटर गाठते, आणि पल्ला दुप्पट हवा तर उंची चौपट लागते. म्हणजे एवढं सगळं काँक्रीट कशासाठी, तर अँटेना उचलून धरायला. आमच्या टाकीने पाणी उचलून धरलं, तसंच.

एक ओळ मी दोनदा वाचली. २००६ मध्ये टीव्हीचं प्रसारण तिथून हललं. नाव अजून टीव्ही टॉवरच आहे, पण वरून जातो तो रेडिओ. मला फार बरं वाटलं. अण्णांच्या ट्रान्झिस्टरला घरात टीव्ही आल्यावर माळ्यावर ठेवलं, ते मीच.

आज तो खाली काढला. सेल गळून स्प्रिंगा हिरव्या पडल्यात. लिंबाने घासून ठेवल्यात, उद्या बाजारातून सेल आणीन. भाच्याला कळवलंय, आता मनोऱ्यापाशी गेलास की तिथलं रेडिओवर जे लागलं असेल ते रेकॉर्ड करून पाठव. भाषा नाही कळली तरी चालेल.