२५ डिसेंबरला चर्च बंद

काल उपासना संपल्यावर दाराशी पाळकांना सहज विचारलं, "नाताळची उपासना किती वाजता?" ते शांतपणे म्हणाले, "आम्ही नाताळ पाळत नाही. गुरुवारी चर्च बंद असेल." घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

मी मिरजेची, मिशन कंपाउंडातली. आता स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, स्टॉर्नोवेत नर्स आहे. ज्या मिशनने १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं तेही प्रिस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) आणि ही मंडळीही प्रिस्बिटेरियन, म्हणून इथे आपलं घर सापडेल असं वाटलं होतं.

शेजारच्या आजींनी समजावून सांगितलं. उपासनेत तेवढंच करायचं जेवढं शास्त्रात सांगितलंय. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, आज्ञा आहे, जन्मदिवसाची नाही, आणि तारीख तर शुभवर्तमानात कुठेच नाही. त्यांच्या लेखी देवाने नेमून दिलेला दिवस एकच, रविवार. तो मात्र इतका कडक की २००९ पर्यंत स्टॉर्नोवेहून रविवारची बोटही सुटत नव्हती. स्कॉटलंडच्या संसदेने १६४० मध्येच नाताळची सुट्टी बंद केली होती. ती सार्वजनिक सुट्टी म्हणून परत आली थेट १९५८ मध्ये. आजींचे वडील २५ तारखेला नेहमीसारखे कामावर जात.

ऐकून घेतलं, पण पटलं नाही. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांना, त्या ज्ञानी पुरुषांना, बाळ येशूसाठी सोनं, ऊद, गंधरस न्यायची आज्ञा कुणी केली होती? मेंढपाळ रात्रीचे बेथलेहेमला धावले ते कुठल्या नियमाने? आनंद झाला म्हणून गेले! आजी म्हणाल्या, "ते एकदाच गेले, दरवर्षी नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही.

आणि वाद्यं! इथे उपासनेत तीही नाहीत. ज्या मिरजेत सतार-तंबोरे घडतात तिथल्या माणसाला पेटी-तबल्याविना उपासना म्हणजे काय वाटत असेल, तुम्हीच सांगा. पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या जुन्या गेलिक भाषेतलं स्तोत्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. एकजण ओळ उचलतो, मागून सगळी मंडळी तीच ओळ घोळवत, लांबवत गाते, प्रत्येकाचा सूर किंचित वेगळा. डोळे मिटले की पालखीच्या वाटेवरच्या दिंडीत उभी आहे असं वाटतं. तेवढा एक तास मला तबला आठवत नाही.

आपल्याकडे नाताळला चर्चबाहेर मांडव घालावा लागतो आणि जानेवारीतल्या रविवारी बाकं रिकामी असतात, हेही खरंच आहे. इथे तसं होत नाही. त्यांच्या रविवारचा मला मनापासून आदर वाटतो.

तरीही माझं म्हणणं सोडवत नाही. या बेटावर जिकडे बघाल तिकडे चर्च, त्यांना नाताळ सोडणं परवडतं. मिरजेत आम्ही मूठभर. दिवाळीत समोरच्या काकूंचं फराळाचं ताट आमच्याकडे येतं, ईदला मागच्या गल्लीतून शीरखुर्मा येतो. नाताळ नसता तर आमच्या घरातून ताट कधी गेलं असतं? दाराला कागदी चांदणी लागली की अख्ख्या गल्लीला कळतं, यांच्याकडे आज बाळ जन्मलंय. हा सण आम्ही चर्चसाठी जेवढा करतो तेवढाच शेजाऱ्यांसाठी करतो, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तर शास्त्रात नक्की आहे.

म्हणून मी खिडकीत चांदणी लावली आहे. आज करंज्या तळल्या आणि ताट घेऊन आजींकडे गेले. त्यांनी ठेवून घेतलं. म्हणाल्या, "सणाचं म्हणून नाही, तू आणलंस म्हणून खाईन." संध्याकाळी ताट परत आलं, त्यात ओटच्या भाकऱ्या होत्या, अजून गरम.

गुरुवारी मी ड्युटी मागून घेतली आहे. बुधवारी रात्री दहाला मिरजेत आमच्या दारात कॅरल पार्टी येईल, तेव्हा इथे साडेचार वाजलेले असतील आणि बाहेर मिट्ट काळोख. आईला सांगून ठेवलंय, फोन तबल्याजवळ धर.