वाकलेलं क्रियापद

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘ग्लीन’ हे क्रियापद मोठ्या सुटाबुटात वावरतं. अमुक अहवालातून माहिती ‘ग्लीन’ केली, तमुकांच्या पत्रांतून त्यांचा स्वभाव ‘ग्लीन’ केला. ऐकणाऱ्याला वाटावं, हे बाळ ग्रंथालयातच जन्मलं असणार. प्रत्यक्षात ते शेतातलं, आणि तेही मालकाचं नव्हे. कापणी करणारे पुढे सरकले की धसकटांत पडलेल्या ओंब्या मागून एकेक वेचायच्या, ते ग्लीनिंग. आपला सरवाच तो. भुईमूग निघाल्यावर बायका-पोरं मातीत राहिलेल्या शेंगा उकरायला जातात, तसा.

हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये बहुधा गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, जुन्या केल्टिक बोलीतून. रीत मात्र त्याहून जुनी. बायबलमध्ये आज्ञाच आहे: शेताच्या पार कडेपर्यंत कापू नका, पडलेलं गोळा करू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. रूथ तर दोन्ही होती. परक्या मवाब देशातली विधवा, सासूसोबत बेथलेहेमात आलेली. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचू लागली, तेव्हा त्याने गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या आणि तिला टोकू नका. दान करायचं, पण घेणारीला ती आपली कमाई वाटली पाहिजे! संध्याकाळी झोडपून एफाभर (वीसेक लिटरचं जुनं हिब्रू माप) सातू निघाले. ते पाहून सासूने पहिला प्रश्न केला, आज वेचलंस तरी कुणाच्या शेतात? अनुभवी बाई.

इंग्लंडात कित्येक गावांत सरव्यासाठी चर्चची घंटा व्हायची. सकाळची घंटा झाल्याशिवाय कुणी शेतात शिरायचं नाही, संध्याकाळची झाली की निघायचं. नाहीतर पहाटे उठणारीने सगळंच नेलं असतं आणि तान्हं पोर असलेली हात हलवत परतली असती. पण १७८८ साली सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईविरुद्धचा खटला लंडनच्या कोर्टात गेला आणि न्यायाधीशांनी बहुमताने ठरवलं, सरवा वेचणं हा काही कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. बायकांनी निकाल फारसा मनावर घेतला नाही. पुढच्या शतकातही त्या वेचतच राहिल्या. पोटाला वर्षभराचं पीठ लागतं, निकालपत्र दळून भाकरी होत नाही.

फ्रेंच चित्रकार मिलेचं सरवा वेचणाऱ्यांचं १८५७ सालचं चित्र पाहिलं की या क्रियापदातली कंबरदुखी कळते. तिघी बायका, त्यातल्या दोघी पार जमिनीपर्यंत वाकलेल्या. एकीने डावा हात पाठीवर टाकलाय. लांब उन्हात गंज्या, भरलेली गाडी, आणि घोड्यावरचा मुकादम अगदी नखाएवढा. पॅरिसच्या सुखवस्तू रसिकांना त्या तिघी इतक्या मोठ्या काढलेल्या रुचल्या नाहीत. मला वाटतं, चित्रातलं खरं भांडण मापाचंच आहे.

आपल्याकडे वेचून जगण्याला उंछवृत्ती म्हणत आणि मान देत. युधिष्ठिराच्या अश्वमेधात मुंगसाने नाक मुरडलं, ते हा यज्ञ अशाच एका वेचून खाणाऱ्या कुटुंबाने दान केलेल्या शेरभर सातूच्या पिठाच्या तोडीचा नाही म्हणून. ‘ग्लीन’ला तसला मान कधी लाभला नाही, त्याची बढती झाली ती कचेरीत.

हल्ली मात्र ते पुन्हा शेतात दिसतं. इंग्लंडात स्वयंसेवक जमून बाजाराने नाकारलेला कोबी, सफरचंदं काढतात आणि गरजूंच्या अन्नकेंद्रांना पोचवतात. शेतमालकाला आधी विचारून, अर्थात.